पडवीतले नऊ दिवस

आमच्या घरात तंबाखूचा वास नसलेली एकही वस्तू नव्हती. भाकरीला वास, गोधडीला वास, माझ्या इतिहासाच्या पुस्तकाला वास. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो आणि त्यातली निम्मी खोली विड्यांची होती. बाप गिरणीत होता तोवर बरं चाललं. गिरणीला टाळं लागलं आणि बाप घरी बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला, उंबऱ्यावर, रस्त्यात पाय टाकून. मग सगळं घर आईच्या सुपावर आलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोलताना, रडताना, पायानं पाळण्याला झोका देताना तिची बोटं विड्या वळतच असायची. संध्याकाळी कारखान्यात विड्या घालायला मीही जायची. तिथला माणूस हातातल्या जुडीतल्या चार विड्या उगाच चिरडायचा आणि उरलेल्याही नापास म्हणून बाजूला लोटायचा. आई त्याच्यासमोर हसायची. ते हसू मला कधी आवडलं नाही.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी आईला सातवं झालं. सातांतली चार जगली होती, हे त्यांत शेवटचं. कळा सुरू झाल्या तेव्हा सूप मांडीवरच होतं. ती उठली, भिंतीला धरून आत गेली आणि जाता जाता मला म्हणाली, "पानं झाक गं, वाळत्याल." नंतरची धुणी मी धुतली. सार्वजनिक नळावर, बायका बघत असताना. तेव्हापासून मला त्या सगळ्या प्रकाराची जी शिसारी बसली ती पुढं कुणी कितीही गोड बोलून घालवू शकलं नाही. आईनं नंतर एकदा दवाखान्यात लूप बसवायचं काढलं होतं. पण आमच्या बोळातल्या बायकांनी तिला सांगितलं की लूप चढत चढत काळजात जातो. आणि बाप म्हणाला, देवाच्या कामात हात घालायचा नाही. देवाचं काम म्हणे. त्या कामात देवाचे हात कुठं बुडाले होते ते मला दिसले नाहीत. माझे मात्र कोपरापर्यंत बुडाले होते.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. बापाच्या बाजूनं आणि आईच्याही बाजूनं. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगताना लाजत नाही. दुष्काळाच्या वर्षी नळाला पाणी नव्हतं, घरात रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी होत्या आणि मी शेवटच्या वर्षाचा अभ्यास करत होते. पास झाल्यावर आईनं विड्यांचे हात न धुताच माझ्या तोंडात साखर घातली. त्या साखरेलाही वास होताच.

नोकरी कुठं ठेवली होती. पण आमच्या बोळाच्या तोंडाशी एक डिझाइन मास्तर राहायचे. सोलापुरी चादरीवर जी नक्षी असते ती आधी ग्राफच्या कागदावर काढावी लागते. कागदावर बारीक चौकोन. उभी ओळ म्हणजे ताण्याचे धागे, आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेक. ज्या चौकोनात रंग, तिथं पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक, आणि जिथं भोक तिथं मागावरचा धागा उचलला जातो. एक चौकोन चुकला तर ती चूक चादरभर उमटत जाते. मास्तर आकृती काढायचे आणि चौकोन भरायला मला द्यायचे. वर्षभर मी मोर भरले, कमळं भरली, हत्ती भरले. भरता भरता मला कळायला लागलं की मास्तर तोच मोर तोंड फिरवून चौथ्यांदा विकतायत. एकदा धीर करून मी त्यांना माझं एक चित्र दाखवलं. करडईचं. आमच्याकडे रानोमाळ करडई असते, पिवळं फूल नंतर शेंदरी होतं, पानाला काटे. मला वाटायचं, याच्यासारखी नक्षी नाही. मास्तरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, अंगावर काटे कोण पांघरणार?"

तेच डोक्यात बसलं. मला ते डिझाइन करायचंच होतं. पूर्ण चादरीचं, काठासकट, माझ्या हातचं.

मग लग्न झालं. नवऱ्याच्या घरी मागं चार माग होते, पुढं राहायच्या तीन खोल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूला आत्याबाई. नवरा इंटर नापास, कारखान्याचं सूत आणायचं आणि माल पोचवायचा हे त्याचं काम. त्यांना बी.ए. सून हवी होती, कारण त्यांच्या भावकीत कुणाकडे नव्हती. आत्याबाई आल्यागेल्याला मला बाहेर बोलावून दाखवायच्या. नवं शिलाई मशीन दाखवावं तसं. मामांनी मला ग्राफचे कागद मांडायचा पाट घरात ठेवायची परवानगी दिली. मी मनाशी ठरवलं, मागही घरात, कागदही घरात. दोन वर्षं मूल नको, डिझाइन पुरं होऊ दे. नवऱ्याला तसं सांगितलं. तो हो म्हणाला. तो कशालाही हो म्हणायचा, त्यात त्याचं काही जात नव्हतं.

काय जात होतं ते माझं मला कळायला महिना लागला. निरोध आणायला तो पेठेतल्या दुकानात जाणार नाही, कारण दुकानदार ओळखीचा. मग सूत आणायला गेला की स्टेशनकडच्या पानपट्टीवरून आणायचा, तेही गिऱ्हाईक नसताना. आणायला त्याला एवढी लाज, पण वापरलेलं टाकायचं कुणी? घरातला केर आत्याबाई स्वतः भरायच्या. संडास चार बिऱ्हाडांचा, रोज झाडायला एक बाई यायची आणि ती काय बघेल ते गल्लीला सांगेल. नवरा म्हणायचा, तूच बघ काहीतरी, आणि कूस बदलायचा. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर सुतळी बांधून, ग्राफच्या कागदांच्या पिशवीत घालून बाहेर न्यायची आणि उकिरडा दिसेल तिथं टाकायची. हे लिहिताना आजही मला ओकारी येते. एकदा कुत्र्यानं पुडी ओढली आणि तोंडात घेऊन माझ्यामागं चालू लागलं. भर बाजारात. बी.ए. झालेली बाई पुढं, कुत्रं मागं. मी मागं न बघता थेट घरापर्यंत चालत आले आणि मोरीत जाऊन हात धुत बसले.

त्या दिवशी ठरवलं, हे नको. एका डॉक्टरीणबाईंकडून गोळ्या लिहून आणल्या. त्या शिकेकाईच्या डब्यात तळाशी ठेवल्या. आत्याबाई शिकेकाई वापरत नसत, त्या रिठ्यानं न्हायच्या, म्हणून.

गोळ्यांनी मला उलट्या सुरू झाल्या. सकाळी चुलीपाशी गेलं की मोरीकडे पळावं लागायचं. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला मोरीवर वाकलेली बघितली आणि मागं उभं राहून पाठ चोळायला लागल्या. एवढ्या मायेनं त्यांनी मला त्याआधी कधी हात लावला नव्हता. मी म्हणाले, पित्त झालंय. त्या हसल्या. म्हणाल्या, असलं पित्त मला सहा बार झालंय.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं. संध्याकाळी शेजारणी चिंचा घेऊन आल्या. मी त्या चिंचा खाल्ल्या. काय करणार. आत्याबाईंनी माझ्या हातून पाण्याची कळशी काढून घेतली, मला ताकातली भाजी करून घातली. नातू झाला की मगच चहा पिईन असं देवापुढं बोलून चहा सोडला. दिवसातून पाच वेळा चहा लागायचा त्या बाईला. मी नवऱ्याला म्हणाले, आता तरी सांगा घरात. तो म्हणाला, सांगू, जरा त्यांचा आनंद होऊ दे. आनंद कशाचा होतोय हे त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही. त्याला गप्प बसण्यात सुख होतं, एवढंच.

गोळ्यांचं पाकीट संपलं आणि ठरल्याप्रमाणं पाळी आली. मी बाजूला बसले.

आमच्या घरात त्या चार दिवसांत बाईनं बाजूलाच बसायचं. स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, माग तर लांबच. मागाला हळदकुंकू वाहतात ना. कारखान्याच्या भिंतीला लागून एक पडवी होती. मोडकी कांडकी, फाटकी कार्डं, सुताची पोती तिथं टाकलेली. त्यातच एक घोंगडं, एक ताटली, एक तांब्या. ताटली मोरीच्या कोनाड्यात वेगळी ठेवायची, आपली आपण धुवायची. वाढणारी बाई वरून टाकायची, अंगावर सावली पडू न देता. शिकलेल्या बायकांनी याबद्दल पुढं बरंच काही लिहिलेलं मी वाचलं. मला त्यात लिहिण्यासारखं काही वाटत नाही. ती ताटली हातात घेतली की जेवण जायचं नाही, एवढंच मला माहीत आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे यात झाकलं काही जात नाही. बाई बाजूला बसली की सासऱ्यापासून मागावरच्या विणकरांपर्यंत सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला तिच्या पोटाची खबर.

मी पडवीत जाऊन बसले आणि आत्याबाईंनी हंबरडा फोडला. पोर गेलं म्हणून. मी उंबऱ्यापलीकडून त्यांना रडताना बघत होते, त्या अलीकडे येऊ शकत नव्हत्या, मी पलीकडे जाऊ शकत नव्हते. शेजारणी पुन्हा आल्या, आता तोंडं पाडून. कशानं गेलं याची चर्चा माझ्यासमोरच झाली. दिवसभर पाटावर वाकून बसायची, पोटावर दाब पडला, रंगाचा वास नाकात गेला. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की पोर त्या ग्राफनं खाल्लं. नवरा तिथंच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं सुताचं पोतं सारखं केलं.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन घरात आले तेव्हा पाट, कागद, रंग, ब्रश सगळं माळ्यावर चढवलेलं होतं. आत्याबाई रागानं बोलल्या नाहीत. समजुतीनंच म्हणाल्या, "पोटात राहील, पार पडंल, मग चार लेकरं झाल्यावर काढ की काय काढायचं ते." मला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे गोळ्या दाखवायच्या, आणि गोळ्या दाखवायच्या म्हणजे त्या मोरीत जाणार. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीही मला किळस आहे.

उलट्या झाल्या की पुन्हा तोच तमाशा होणार, म्हणून गोळ्या मीच बंद केल्या आणि तांबी बसवायला सरकारी दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी माझा केसपेपर परत माझ्यासमोर सरकवला. आधी एक होऊ द्या, मग या, असं काही बसवत नसतात. तेव्हा बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या. एक म्हातारी मला म्हणाली, बाय, आमाला पोर मिळालं न्हाई आन तुला नगंय व्हय.

पुढं आठ महिने आम्ही काय केलं ते सांगत नाही. कॅलेंडरवर खुणा केल्या आणि भांडलो, एवढं पुरे. पुन्हा दिवस राहिले नाहीत हे नशीब. पाट माळ्यावरच होता.

मग ते आणीबाणीचं वर्ष आलं. जिकडंतिकडं कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. नसबंदीवाल्यांची जीप दिसली की आमचे विणकर माग सोडून मागच्या भिंतीवरून उड्या टाकायचे. शिक्षक, तलाठी, नर्सा, सगळे आपापला कोटा भरायला केसेस शोधत फिरत होते. मार्च महिन्यात त्याच नर्सबाई आमच्या गल्लीत आल्या. मला ओळखलं त्यांनी. गोड हसल्या. म्हणाल्या, तुम्हाला तांबी पाहिजे होती ना? चला आजच.

मी गेले. नवराही आला, पण आत नाही. दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसला. नवऱ्याची सही लागते म्हणून फॉर्म टपरीवर गेला आणि कपाचा गोल डाग घेऊन परत आला. नर्सबाई बाकीचा फॉर्म भरत होत्या. मुलांच्या रकान्यात त्यांनी न विचारता लिहिलं, दोन. मी म्हटलं, बाई, मला मुलं नाहीत. त्या मान वर न करता म्हणाल्या, "असू द्या हो. कागदाला लागतात."

आत जे झालं त्यात दुखलं ते दुखलंच. पण दुखण्यापेक्षा जास्त आठवते ती त्या टेबलावरची मेणकापडाची चादर. आधीच्या बाईनंतर ती पुसलेली नव्हती. मी तसं सांगितलं. कुणीतरी एक ओला बोळा फिरवला आणि म्हणालं, झोपा, रांग मोठी आहे. बाहेर आले तेव्हा सरकारी कागदावर मी दोन लेकरांची आई होते, आणि घरी वांझ.

तांबीनं एक केलं. माझे चार दिवस नऊ झाले. नऊ नऊ दिवस अंगावरून जायचं, चेहरा पांढराफटक. आत्याबाईंचा नियम पक्का, थांबल्याशिवाय न्हायचं नाही आणि न्हाल्याशिवाय घरात यायचं नाही. म्हणजे महिन्यातले नऊ दिवस मी पडवीत.

पहिल्या नऊ दिवसांत मी नुसती भिंत बघत पडून होते. मागांचा खडखडाट पाठीत जायचा. आठव्या दिवशी, का कोण जाणे, फाटक्या कार्डांकडे बघताना माझ्या लक्षात आलं की इथं मला कुणी काम सांगत नाही. पाणी भर म्हणत नाही, भाकरी थाप म्हणत नाही. आणि दुसरं जे लक्षात आलं त्यानं मी उठूनच बसले. मी ज्याला हात लावीन त्याला इथं दुसरं कुणी हात लावत नाही.

पुढच्या महिन्यात पाळी आल्याचं कळल्याबरोबर मी आधी शिडी लावली. माळ्यावरून पाट काढला, कागद काढले, रंग काढले, सगळं छातीशी धरलं आणि मग आत्याबाईंना सांगितलं की मला बाजूला बसायचंय. त्यांचं लक्ष पाटाकडे गेलं. हात पुढं आला आणि तसाच मागं गेला. "ठेव ते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आता कसं ठेवू आत्याबाई, शिवलं की माझ्याकडनं. त्यांनी पदर आवरून घेतला. मग म्हणाल्या, बी.ए. झाली ती हेच शिकून आली.

असं मी पाच महिने केलं. महिन्यातले नऊ दिवस करडई काढली. नऊ दिवस संपले की पाट पुन्हा माळ्यावर, मी चुलीशी. कंबर दुखायची, डोळ्यांपुढं काजवे यायचे, उठताना भिंत धरावी लागायची. कुणाला वाटेल की मी त्या पडवीचे उपकार मानते. मुळीच नाही. मला कोंडायला जी जागा केली होती तिथं मी माझं काम केलं, त्यात त्या जागेची काही पुण्याई नाही. तिथं उंदीर होते.

करडईचं पान मला जमत नव्हतं. काटा म्हणजे तिरकी रेघ, आणि चौकोनात तिरकी रेघ पायऱ्या पायऱ्यांची होते, काटा बोथट दिसतो. मी एका चौकोनाआड एक चौकोन सोडून बघितलं. दुसऱ्या महिन्यात ते साधलं. काटा टोकदार झाला. त्या दिवशी वरून टाकलेली भाकरी मी दोन घासांत खाल्ली. फूल बाहेरून पिवळं आणि आत शेंदरी घेतलं, मागची जमीन काळी, काठाला नुसती पानं, एकात एक अडकवलेली.

पाचव्या महिन्यात आठव्या दिवशी शेवटचा चौकोन भरला. मी मामांना हाक मारली. मामा पडवीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, दोन हात लांब. मी कागद जमिनीवर पसरला. त्यांनी हातात एक कामटी घेतली आणि लांबूनच एकेक ओळ तिच्या टोकानं वाचायला लागले. मामा सहीपुरते शिकलेले, पण ग्राफ त्यांना पोथीसारखा वाचता यायचा. काठ कोपऱ्यात कसा वळतो ते त्यांनी दोनदा बघितलं. मग म्हणाले, "मास्तरला असलं जमलं नसतं. कार्डं पाडाय देऊ."

आत्याबाई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, विटाळाचा कागद मागावर चढवायचा? कार्डं त्याच्यावरनं पाडायची, ती मागावर बसणार, आणि त्याच मागाला आपण दसऱ्याला पुजायचं? मामा डोकं खाजवत राहिले. माग बंद पडला, सूत तुटलं, तर विणकरही तेच बोलणार होते. शेवटी मामा म्हणाले, मग शुद्ध करून घ्या की. एवढं बोलून ते बाजारात निघून गेले. शुद्ध म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला वाटलं, उदबत्ती फिरवतील, हळदकुंकू लावतील. ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हायला गेले. डोक्यावरून पाणी घेताना मला बरं वाटत होतं, पाच महिन्यांत पहिल्यांदा. केसांना पंचा गुंडाळून बाहेर आले तर आत्याबाई पडवीत कागदासमोर बसलेल्या. हातात वाटी, वाटीत गोमूत्र, आणि दुर्वांच्या जुडीनं त्या माझ्या ग्राफवर शिंपडत होत्या. मनापासून. कोपरा न् कोपरा. आमचे रंग पाण्यात कालवायचे. काळा पिवळ्यात उतरला होता, शेंदरी काळ्यात. मधली तीन फुलं म्हणजे नुसता चिखल झाला होता, आणि त्याला गोठ्याचा वास येत होता.

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. उलट मोठं काम उरकल्यासारखं म्हणाल्या, "घे, झाला शुद्ध. आता चढव मागावर."

मला रडू आलं नाही. ओरडलेही नाही. मी तशीच ओल्या केसांनी खाली बसले. नवरा अंगणात सायकलला हवा भरत होता, त्यालाही बोलावून घेतलं. आणि म्हणाले, "आत्याबाई, ते पोर कधी नव्हतंच. मी गोळ्या खात होते मूल होऊ नये म्हणून. उलट्या गोळ्यांच्या होत्या. ग्राफनं काही खाल्लं नाही. आताही मी तांबी बसवलीय, म्हणून नऊ दिवस बसते. विचारा तुमच्या लेकाला, सही त्याची आहे."

नवरा हवा भरायचा पंप हातात धरून उभा. आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. लग्न झाल्यापासून त्यानं माझ्या बाजूनं केलेली ती पहिली हालचाल.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील, माहेरी हाकलतील. त्या वाटी हातात धरून बसून राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजी मी दीड वरीस चहा सोडलाय, त्यो उगीच?"

मी म्हटलं, हो.

मग त्यांनी विचारलं, असल्या गोळ्या आमच्या वक्ताला होत्या का. मी म्हटलं, नव्हत्या बहुतेक. त्या उठल्या, वाटीतलं उरलेलं तुळशीत ओतलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं स्टोव्हचा आवाज आला. चहाचा वास आला. मला कप दिला नाही. स्वतःच प्यायल्या, दारात बसून, बशीत ओतून.

त्यांनी माझी माफी मागितली नाही आणि मीही त्यांची मागितली नाही. पण त्याच दुपारी मी नवा कागद घेतला आणि पाट पडवीत नाही, मधल्या खोलीत मांडला. भर दाराच्या वाटेत. शुद्ध अंगानं, पंचा काढून, केस मोकळे सोडून. बिघडलेल्या भागाच्या ओळी जुन्या कागदाच्या धडक्या कडांवरून जुळवून घेत मी पुन्हा भरल्या. महिना लागला. त्या महिन्यात आत्याबाई माझ्या पाटाला वळसा घालून जायच्या, भांडी आदळायच्या, शेजारणीला ऐकू जातील असे टोमणे मारायच्या, की आमची सून चौकोनात रंग भरती, आमी हांडं भरतो. पण पाटाला हात लावला नाही. कुणी आलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं तर तिला न्हाई, काय ते मला इचारा, म्हणायच्या.

नवऱ्याशी मी वेगळं बोलले. तांबी काढून आले. रक्त उरलं नव्हतं अंगात. त्याला सांगितलं, यापुढं आणायचं तुम्ही आणि टाकायचंही तुम्हीच. नाहीतर मी पडवीत झोपते, बारा महिने. तो हो म्हणाला. पण आता सूत आणायला जाताना त्याच्या पिशवीत वर्तमानपत्राची पुडी असायची आणि ती तो कुठं टाकायचा ते मी कधी विचारलं नाही. कुत्रं त्याच्यामागं लागलं असेल तर लागो.

दसऱ्यानंतर कार्डं पाडून आली. मामांनी ती स्वतः मागावर चढवली. पहिली चादर हातभर विणली गेली तेव्हा मी मागापाशी उभी होते. काटे टोकदार उतरले होते. एका पानात एक चौकोन चुकला होता, तो मला आजही दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. डिझाइन मास्तर बघायला आले, चष्मा वर केला, काठाची पानं बोटानं मोजली आणि गेले. त्यांनी पुढच्या वर्षी करडईची नक्कल काढली, तीही तोंड फिरवून.

करडईच्या चादरी आमच्या मागांवर चार वर्षं निघाल्या. त्यानंतर मी एकवीस डिझाइनं काढली आणि ती सगळी विणली गेली. मला दोन मुलं झाली, दोन्ही मी ठरवलं त्या वर्षी.